कोकीय म्हणजे कोंबड्याचा तुरा

चूक तुमच्या भाच्याची होती, बाई. हे एकदा डोक्यात नीट बसवून घ्या आणि मग खुर्चीत बसा. नाही, तिथे नको ती अंडी, टेबलावर लोणी काढून ठेवलंय मी — खाली, पायाशी ठेवा. आणलीत कशाला पण? तुम्ही या आचाऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकलंत की हातात अंड्यांचा ट्रे असतोच, जशी काही तुमच्या दुकानावाचून आमची चूल अडलीय. असो. तुम्ही का आलात ते शिपायाने सांगितलंय मला, फाटकापाशी त्याच्याजवळ रडून घेतलंत म्हणे. उद्याच्या परीक्षेला त्याला डाव्या हाताने बसू द्या, नाहीतर हात बरा होईपर्यंत त्याची परीक्षा पुढे ढकला, म्हणजे त्या परदेशी पाहुण्या बाईंनी त्यांच्या हॉटेलात देऊ केलेली नोकरी बुडणार नाही — एवढंच ना? एवढंच म्हणता तुम्ही. मग ऐकून घ्या. चहा येतोय, मला वेळ आहे, आणि कुणीतरी तुम्हाला हे तोंडावर सांगायलाच हवं. आईबाप गेलेलं पोर म्हणून तुम्ही त्याला फुलासारखं जपलंत, आत्या म्हणून ते तुमचं कर्तव्यच — पण आईबाप नाहीत म्हणून जीभ हातभर लांब असावी, असं कुठे आहे का?

हा शिंपला बघा. घ्या हातात, चावत नाही. पंख्यासारखा आहे की नाही? आमच्या धंद्यात याला कोकीय म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, शेवटचा य अर्धा गिळायचा. कोकीय म्हणजे शिंपला. आतलं मांस काढून, व्हाइट सॉसमध्ये घोळवून, परत त्याच शिंपल्यात भरून, वर पावाचा चुरा घालून भट्टीत लाल केलं की जे ताटात येतं तेही कोकीय. खरा शिंपला नसेल तर त्या आकाराची चिनी मातीची वाटी घेतात, तिलाही कोकीय. त्या लोकांचं असंच. आपल्याकडे कसं, अंड्याचं टरफल, अक्रोडाचं कवच, नारळाची करवंटी, समुद्राचा शिंपला — ज्याला त्याला आपापलं नाव आहे, आपापली जागा आहे. त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून हाच एक शब्द. लोण्याची गुंडाळी वळतात शिंपल्यासारखी, तीही कोकीय. छापखान्यात चुकून भलतंच अक्षर पडलं, तर छापणारे त्या चुकीलाही कोकीयच म्हणतात. का म्हणतात? मला नका विचारू. तुमचा भाचा विचारायचा. याला का म्हणतात, त्याला का म्हणतात — अरे, म्हणतात तर म्हणतात, तू कांदा चीर ना. खरं सांगू, आमच्या शाळेच्या छपाईतली चूकच होता तो. म्हणजे कोकीयच म्हणा की. हसलात नाही. विनोद होता.

आमच्याकडे एक रीत आहे, बाई. पोरगं दाखल झालं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात एक शिंपला द्यायचा. दोन वर्षं त्यानेच चव घ्यायची — चमचा नाही, बोट नाही, शिंपला. घासायचा त्यानेच, जपायचा त्यानेच, आणि परीक्षा झाली की त्याच शिंपल्यात स्वतःच्या हाताने रांधून घरच्या माणसाला वाढायचं. तुम्हालाच वाढलं असतं त्याने. आणि तो शिंपला देताना मी त्यांना शब्दाची गोष्ट सांगतो. काय गोष्ट? फ्रेंच लोक कोंबड्याला कोक म्हणतात. हा शिंपला उलटा धरा — धरा की — दिसतो ना कोंबड्याच्या डोक्यावरचा तुरा? पूर्वी त्यांच्या राजाच्या आचाऱ्याने पहिल्यांदा हा शिंपला हातात घेतला, त्याला तुरा आठवला, आणि त्याने नाव ठेवलं कोकीय. म्हणून आचाऱ्याने कोंबड्यासारखं असावं. सगळ्यांच्या आधी उठावं, ताठ मानेने चालावं, आणि उकिरड्यावर उभं राहूनही आवाज खणखणीत ठेवावा. माझ्या वस्तादांनी मला हे सांगितलं, त्यांना त्यांच्या वस्तादांनी. इतकी पोरं या गोष्टीवर घडली. एकानेही कधी तोंड उघडलं नाही.

तर त्या पाहुण्या बाई आल्या. मोठं नाव आहे त्यांचं, स्वतःचं हॉटेल आहे तिकडे. आखूड केस, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या, हातावर भाजल्याचे डाग — बाईमाणसाने झाकावेत की नाही? विश्वस्त मंडळी पुढच्या रांगेत, पोरं मागे पांढऱ्या टोप्या घालून, मधे मी. दुभाषी होता शेजारी. मी गोष्ट सांगितली. कधी नव्हे इतकी रंगवून सांगितली, त्या राजाचा आचारी तर अगदी डोळ्यांसमोर उभा केला. बाई नुसत्या गालात हसत होत्या. मला वाटलं, आवडतंय. संपल्यावर विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या रांगेतून हा टरफल्या — हो, टरफल्याच म्हणतो आम्ही त्याला, तुमच्या अंड्यांमुळे, मीच ठेवलं नाव, त्याने कधी तक्रार केली नाही — हा हात वर करतो आणि विचारतो, 'सर, पण अंड्याच्या टरफलालाही कोकीयच म्हणतात ना? मग ते कोंबड्याचं कसं? अंडी तर कोंबडी घालते.'

तुम्हीही हसलात. बघितलं मी. ओठ दाबलेत तरी दिसतं.

सगळे हसले तेव्हा. विश्वस्त हसले. भांडी घासणारा दारात उभा होता तो हसला. दुभाष्याने सांगितल्यावर त्या बाई तर खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून हसल्या, आणि म्हणाल्या — दुभाषी म्हणाला त्या म्हणाल्या — की पोरगा बरोबर आहे, कोंबड्याचा यात काही संबंध नाही, हा शब्द ग्रीकांकडून लॅटिनात आणि तिथून त्यांच्याकडे आला, मुळात समुद्रातल्या शिंपल्याचंच नाव आहे ते, आणि तुमच्या जुन्या भाषेतला शंखही त्याच घराण्यातला. शंख. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पोरांपुढे, परदेशातली बाई येऊन मला शंख शिकवून गेली. आणि शंख केला कुणी? तुमच्या भाच्याने.

मला माहीत नव्हतं असं समजू नका. चांगलं माहीत होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत जाडा शब्दकोश आहे, काचेच्या कपाटात, नोकरी लागली त्याच वर्षी काढून बघितला होता मी. कोंबडा कुठेच नाही. शंख आहे. मग म्हणाल, सांगत का राहिलात? बाई, खरी गोष्ट सांगून कुणाची मान ताठ झालीय? आणि तुम्हाला म्हणून सांगतो — तो कोंबडीचा प्रश्न मलाही पडला होता. वस्तादांनी मला शिंपला दिला त्याच दिवशी, तिथल्या तिथे, अगदी जिभेच्या टोकावर आला होता. मी गिळला. शेजारच्याने गिळला नाही, त्याने दुसरंच काहीतरी विचारलं, तर वस्तादांनी भट्टीवरची पळी उचलून त्याच्या मनगटाला लावली. पुन्हा नाही विचारलं त्याने. मी गिळला म्हणून मी आज या खुर्चीत आहे. तो शेजारचा कुठे आहे कुणास ठाऊक.

चहा घ्या. माझ्या कपाकडे काय बघताय? गरम आहे म्हणून बशीत सांडला. थरथर नाही ती. जरा — राहू द्या, मी पुसतो, बसा तुम्ही.

तर तिथेच थांबलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. पोरगं आहे, बोललं. मन मोठं आहे माझं. पण त्या बाईंना आदल्या दिवशीच्या जेवणात लोण्याच्या गुंडाळ्या फार आवडल्या होत्या. बशीभर होत्या, पातळ, कडेला रेघा, अगदी खऱ्या शिंपल्यासारख्या. त्यांनी विचारलं होतं कुणी केल्या, आणि विश्वस्तांनी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. मी काही बोललो नव्हतो. मी केल्या असं मी म्हणालो नव्हतो, लक्षात घ्या. तर आता हशा ओसरल्यावर त्या म्हणतात, एक वळून दाखवाल का. समोर लोणी ठेवलं, थंडगार. दातेरी सुरी दिली. काम काहीच नाही हो — सुरी लोण्यावरून एका दमात ओढायची, न थांबता, की ती आपोआप वळत येते. हे बघा. असं धरायचं, आणि असं ओढत —

आज लोणी मऊ पडलंय. मघापासून बाहेर आहे ना.

थांबा, परत.

जाऊ दे. तुम्हाला काय कळणार त्यातलं.

त्या दिवशी लोणी थंड होतं. तरी तीनदा तुटलं. आणि हा टरफल्या पुढे आला. कुणी बोलावलं होतं? माझ्या हातातून सुरी घेतली — हिसकावली नाही, तेवढं खरं, हळूच घेतली, आजाऱ्याच्या हातातून पेला घ्यावा तशी — आणि म्हणाला, सरांचा हात दुखावलाय परवापासून. आणि ओढली. एक, दुसरी, तिसरी. बशीत नुसती लोण्याची रांग. बाईंनी बशी उचलून उजेडात धरली, मग त्याचा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला, एखादी वस्तू विकत घेण्याआधी बघतात तसा. आणि तिथेच त्याला सांगितलं की परीक्षा पास हो आणि माझ्याकडे ये. माझी बाजू सावरायला आला होता तो, असं तुम्ही म्हणाल. त्यानेही तेच सांगितलं असेल तुम्हाला. मी सांगतो बाई, मला कोंबड्यावरून हसले ते मी विसरलो असतो. पण त्याने माझ्यासाठी खोटं बोलावं? त्याने? काल आलेल्या, अंड्याच्या दुकानातल्या पोराने माझी कीव करावी?

हो, वळायचा तोच. दीड वर्ष तोच वळत होता. सकाळी लवकर येऊन वळून बर्फावर ठेवून जायचा, कुणाला सांगायचा नाही. मी सांगू नकोस म्हटलं नव्हतं. त्याला आपणहूनच समजलं होतं. असली समजूतदार पोरं फार वाईट, बाई. उद्धट पोराला चापट मारता येते.

मग शिंपले. पाहुण्या बाईंना निरोपाची मेजवानी होती दुसऱ्या दिवशी, शिंपले पोत्यांनी आले होते, समुद्राच्या चिखलासकट, जिवंत. नेहमी सगळा वर्ग मिळून उघडतो. मी म्हणालो, नाही, ज्याला कोकीय इतकं कळतं त्याने एकट्याने उघडावेत. चांगली ओळख होईल शब्दाची. बाकीच्या पोरांना बाहेर काढलं. कापड नाही, हातमोजे नाहीत — तो आमचा नियमच आहे, त्याच्यासाठी काढलेला नाही, हात उघडाच पाहिजे, शिंपला हाताला कळला पाहिजे. वस्तादांपासून चालत आलंय. सपाट बाजू वर, सुरीचं पातं आत सरकवायचं, आतली गाठ कापायची, झाकण उडवायचं, घाण काढायची, खोलगट शिंपला मिठाच्या पाण्यात टाकायचा. मग त्याच पाण्यात हात घालून घासायचा. दुपार उलटली तेव्हा मी बघायला गेलो. दोन पोती संपवली होती त्याने. नीट केले होते, खोटं कशाला बोलू. पण घासताना शिंपल्याची कड लागून उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात कापलं होतं, पाणी लालसर झालं होतं. म्हणाला, सर, नळाखाली धुऊन बांधून येतो. मी म्हणालो, मिठाच्या पाण्यातच तर हात आहे तुझा, त्याहून चांगलं औषध कुठलं? म्हणाला, पाणी तरी बदलतो, सकाळचं आहे, चिखल उतरलाय. मी म्हणालो, पाणी बदललं की चव उतरते. त्याने माझ्याकडे बघितलं. आणि बाई, परत काही विचारलं नाही. हात परत पाण्यात घातला. इतके दिवस मी त्याला जे शिकवत होतो ते त्या क्षणी तो शिकला, असं वाटलं मला. बरं वाटलं, खरं सांगतो.

चव उतरत नाही. नाही उतरत. पाणी बदलायचंच असतं.

संध्याकाळी हात कोपरापर्यंत तापला होता म्हणे. म्हणे काय, बघितला मी. मेजवानीला तो ताटं भरत होता माझ्या शेजारी, आणि उजवा हात त्याने ॲप्रनच्या खिशात ठेवला होता. मी म्हणालो, हात बाहेर काढ, आचाऱ्याचा हात खिशात शोभत नाही. काढला त्याने. सुजला होता, तांबडा, वर चकाकी आलेली. मला कळायला हवं होतं? वय झालं माझं, शिंपल्यांत आयुष्य गेलं, मला कळलंच. शिंपल्याची जखम काय करते ते मी दोनदा पाहिलंय. पण ताटं अर्धी भरायची होती, बाहेर विश्वस्त बसले होते, आणि — आणि त्याने रजा मागितली नाही. मागितली असती तर दिली असती. आता म्हणाल, तुम्हीच त्याला न विचारायला शिकवलंत. शब्दात पकडू नका मला.

पाहुण्या बाई जाताना त्याला भेटायला आत आल्या. मी सांगितलं, घरी गेला. कोठीत होता, पिठाच्या पोत्यावर बसून होता. ऐकू गेलं असेल त्याला. बाहेर आला नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगू नका, मी जाऊन आलो दवाखान्यात. आत नाही गेलो, दारातूनच विचारलं. त्या पाण्यातलं काहीतरी रक्तात गेलं, लगेच आणलं असतं तर औषधावर निभावलं असतं. लगेच म्हणजे किती लगेच? डॉक्टरांना काय जातंय सांगायला, त्यांना कुठे मेजवानी वाढायची असते. आणि तो काय म्हणाला? माझं नाव घेतलं का त्याने? — नाही घेतलं? काहीच नाही? कशाने झालं म्हणून सांगितलं मग? घसरून पडलो?

परत खोटं. बघा, परत माझ्यासाठी खोटं. सवयच आहे त्याला.

आता परीक्षेचं. डाव्या हाताने जमतं म्हणता. काय करतो, अंडी फोडतो? दुकानात बसून, एका हाताने, दिवसभर, आणि टरफलाचा कण पडत नाही? आणि तुम्ही मोजून — बरं, बरं, विश्वास आहे माझा. त्या पोराला जमेल. महिन्याभरात डाव्या हाताने लोणीसुद्धा वळेल तो, माझी खात्री आहे. म्हणून तर नाही म्हणतोय. उद्या तो तिथे उभा राहणार, पांढरी टोपी घालून, हाताला पट्टी बांधून, डाव्या हातात सुरी, आणि शिंपला कशात धरणार? कापडात. कापडाशिवाय जमणार नाही त्याला. आणि परीक्षक विचारणार, कापड का? आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघणार. मग पुढच्या वर्षी एखादं पोरगं हातमोजे मागेल, दुसरं पाणी बदलेल, तिसरं कोंबडीचं विचारेल. मी मग काय शिकवायचं त्यांना, सांगा. काय उरलं माझ्याकडे शिकवायला?

पुढे ढकलणंही नाही. नियमात बसत नाही. नियम कुणाचा काय विचारता, माझाच.

तो शिंपला ठेवा खाली. त्याचाच आहे तो, ओळखलात ना, कडेला कोरून ठेवलंय त्याने कोंबडीचं चित्र, मी आजच बघितलं. पण शाळेचा आहे. परीक्षा दिली तर पोराचा, नाही दिली तर शाळेचा. नव्या पोराला देईन तो, घासून. ठेवा म्हणतो ना. मूठ उघडा, बाई. कड लागेल हाताला.

बरं, न्या. न्या तो. आणि अंडीही न्या, इथे कुणी खात नाही. त्याला सांगा, सरांनी निरोप दिलाय — नको, काही सांगू नका. जाताना दार ओढून घ्या, लोण्याला उकाडा सोसत नाही. आणि अशा बघू नका माझ्याकडे, सगळा हात काही गेलेला नाही. उजवा अंगठा गेला आणि त्याच्या शेजारचं बोट.